न्हाई केलं तर काय व्हईल?

भ्यालेला माणूस पैसे मोजत नाही, हे वकिलाकडे मुन्शीगिरी करणाऱ्याला पहिल्या महिन्यातच कळतं. असा माणूस ओसरीची पायरी चढतानाच कनवटीला हात घालतो. किती, कशाचे, कुठवर, हे विचारायचं त्याला सुचत नाही. यातून सोडवा, एवढंच त्याचं म्हणणं असतं. बीडला बळवंतराव वकिलांच्या ओसरीवर मी एकोणीस वर्षं काढली. राज्य निजामाचं, अदालतीची भाषा उर्दू, आणि आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांना मराठी अक्षरसुद्धा लागत नसे. आपलं नशीब ठरवणारा कागद आपल्यासमोर वाचला जातो आहे आणि त्यातला शब्द आपल्याला कळत नाही, ही भीती काय असते ते मी रोज समोरून पाहत होतो. खरं सांगायचं तर त्या भीतीवरच आमची चूल पेटत होती. वकीलसाहेबांची मोठी, माझी लहान.

चकलांब्याची कोंडाबाई सुतारीण त्या सगळ्यांहून जास्त भ्यालेली होती. तिच्याइतकं भ्यालेलं माणूस मी आधी पाहिलं नव्हतं, नंतरही पाहिलं नाही. पण ती विचारायची.

पहिल्यांदा आली तेव्हा उन्हाळा होता. चकलांब्याहून बीड म्हणजे पायी दोन दिवस, मध्ये गेवराईला मुक्काम. पायांवर गुडघ्यापर्यंत फुफाटा बसलेला. चाळिशीची असेल, उंच, वाळकी, पदराचं टोक दातांत धरलेलं. पायरी न चढता खालीच उभी राहिली आणि ओसरीवर बसलेल्या एकेकाकडे तिनं नीट पाहून घेतलं. गावचं कुणी नाही ना, हे ती बघत होती, ते मला पुढं कळलं.

तिच्या नवऱ्याला धरून नेलं होतं. गावच्या पोलीस पाटलाची कडब्याची गंजी जळली, गंजीशेजारी बांधलेले दोन बैल जळाले, आणि पाटलानं नाव घेतलं ते रखमाजी सुताराचं. कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं. पाटलाच्या वाड्याचं काम फुकट करायला रखमाजीनं चारचौघांत नकार दिला होता. पाटलाचे तीन गडी साक्षीला उभे राहिले, आम्ही त्याला पळताना पाहिलं म्हणून. जामीन राहायला गावातला एक माणूस पुढं आला नाही. रखमाजी बीडच्या तुरुंगात, घरी ही एकटी, मूलबाळ नाही, आणि पाटलाचा मळा हिच्या चार एकरांना लागून.

मी वकालतनामा, म्हणजे वकीलपत्र, पुढं ओढला आणि नवऱ्याचं नाव विचारलं. त्या काळी इथंच आमचा अर्धा तास जायचा. बाया नवऱ्याचं नाव घेत नसत. कुणी उखाणा घाली, कुणी शेजारणीला पुढं करी. कोंडाबाईनं पदर दातांतून काढला आणि स्पष्ट सांगितलं, "रखमाजी बाळाजी सुतार." सांगितलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. मग म्हणाली, "मी नाव न्हाई घेतलं आन कागूद चुकला, तर दुसरा कागूद, दुसरा स्टांप. व्हय ना?"

"हो," मी म्हणालो.

"मग पुन्यांदा इचारा. बराबर लिवलं का बघा."

वकीलसाहेब आतून आले. गादीवर बसले, पान लावलं, हकिगत ऐकली. माणूस वाईट नव्हता. अभ्यास चांगला होता, अदालतीत त्यांचा शब्द ऐकला जायचा. पण पुढ्यात आलेल्या माणसाची भीती त्यांना वासानं कळायची आणि फी त्या वासावरून ठरायची.

"पेशीमागं पाच रुपये," ते म्हणाले.

पेशी म्हणजे अदालतीतली तारीख. बाईनं विचारलं, "पेश्या किती व्हतील?"

"ते देवालाच ठाऊक."

"मग देवाला ठाऊक आसलेला पैका मी कुठून आनू, साहेब?" तिनं दोन्ही हात काखेत दाबून धरले होते. "समदं मिळून एक आकडा सांगा. सुरू झाल्यापून फैसल्यापातूर."

"बाई, हे बाजारात ज्वारी घेणं नाही."

"म्हनून तर इचारते. जवारी डोळ्यांनी दिसती तरी."

ओसरीवर कुणीतरी हसलं. वकीलसाहेबांना ते आवडलं नाही. त्यांनी सांगितलं, असं ठरवून काम होत नसतं, परवडत नसेल तर दुसरा वकील बघ. ती हलली नाही. पायरीखालीच बसून राहिली. दोन पक्षकार येऊन गेले, ती तिथंच. पाणी मागितलं नाही. मी दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि ओठ हलत होते. काय काय विचारायचं ते ती घोकत होती. शेवटी वकीलसाहेबच म्हणाले, "नव्वद रुपये. सगळं मिळून."

"तीन वाट्यांनी," ती म्हणाली. "एक आता. एक साक्षी झाल्यावर. एक तुमचं अखेरचं बोलनं झाल्यावर. आन ह्याच्याभाईर काय लागंल?"

"स्टांप, नकला, समन्स पोचवायची फी, म्हणजे तलबाना. ते वेगळं."

"लागंल तवा आधी सांगायचं. मी हो म्हनल्याबिगर करायचं न्हाई."

मग तिनं निजामी नाण्यातले तीस हाली रुपये मोजून ठेवले आणि ओसरीकडे तोंड करून मोठ्यानं बोलली, "मामा, दादा, समद्यांनी आयका. मी चकलांब्याची कोंडाबाई. आज वकीलसाहेबांला तीस दिले. साठ ऱ्हायले. त्याच्याभाईर ठरल्याबिगर काय न्हाई." तिला लिहिता येत नव्हतं, पावती वाचता येत नव्हती. तिची पावती ही अशी. पुढं चौदा महिने दर खेपेला तिनं ती फाडली. दोन आणे दिले तरी ओसरीला ऐकवायची. लोक आधी हसायचे. मग ऐकायला लागले, आणि काही जण तसंच करायला लागले, तेव्हा वकीलसाहेबांनी मला विचारलं, "ही बाई आपल्याकडे आणली कुणी?"

तिची दुसरी सवय एका प्रश्नाची. काहीही सांगा, ती विचारायची, "हे न्हाई केलं तर काय व्हईल?"

हा प्रश्न साधा वाटतो. मुन्शीला विचारून बघा. मी तिला म्हणालो होतो, सगळ्या मिसलीची, म्हणजे खटल्याच्या पुऱ्या कागदांची, नक्कल काढावी लागेल. इतकी पानं, इतका खर्च. त्यात माझाही वाटा होता, ते लपवत नाही. तिनं विचारलं, न्हाई काढली तर? मी म्हणालो, "तसं... काम अडेल." ती माझ्या तोंडाकडं पाहत राहिली. मग अदालतीच्या आवारात लिंबाखाली बसणाऱ्या रहीमचाचा स्टांपवाल्याकडे गेली. म्हातारा तिथं इतकी वर्षं बसलेला की अर्धा कायदा त्याच्या कानांवरून गेलेला. तासाभरानं परत आली. माझ्याजवळ, पण इतरांना ऐकू जाणार नाही अशी बसली.

"मुन्शीजी, चाचा म्हनतेत, पाटलाचं बयान आन त्या तीन गड्यांची बयानं, येवढ्याच नकला लागत्यात. बाकीची पानं नुसत्या तारखांची हायेत. बराबर हाय का?"

बरोबर होतं.

"मग येवढ्याच काढा. तुमचा जो काय हक्क आसंल तो मला सांगून घ्या. कागदात घालून नगा घेऊ." आणि मग घाईघाईनं, "राग नगा धरू. तुमी रागावलात तर मी कुनाकडं बघू?"

मला राग आला नाही. भीती वाटली. कुणी आपल्याला पाहिलं की वाटते तशी.

ती दर पेशीला यायची. नुसती तारीख पडणार असली, तिचं काहीच काम नसलं, तरी यायची. मी एकदा सांगितलं, की या खेपेला नाही आलात तरी चालेल, चार दिवसांची पायपीट वाचेल. तेवढ्या एका सल्ल्याला तिनं तिचा प्रश्न विचारला नाही. म्हणाली, "त्यांला आनत्यात ना." तुरुंगातून रखमाजीला बेड्या घालून आणत तेव्हा तो आवारातून वीस-पंचवीस पावलं चालायचा. ती भिंतीशी उभी राहायची. दोघं बोलत नसत. मोठा, खांदेदार माणूस. तो खाली मान घालून जायचा आणि ती त्याच्या पायांकडं बघायची. चपराशानं "हाजिर हैऽ" म्हणून पुकारा केला की ती भिंतीमागं जायची. कितीदा तरी ती तिथल्या नाल्यापाशी ओकून आलेली मी पाहिली आहे. यायची, तोंड धुवायची, आणि विचारायची, "आज काय झालं ते सांगा. मंग फुडं काय, ते सांगा. मंग त्याला किती, ते सांगा." सगळे प्रश्न गोळा करून एकदम. वकीलसाहेबांना पुन्हा पुन्हा उठवायचं नाही, हे तिचं तिनंच ठरवलेलं.

साक्षीदारांच्या वेळी मोठी खडाजंगी झाली. वकीलसाहेबांनी अकरा नावं काढली. रखमाजी सज्जन आहे, त्याचं कुणाशी वैर नाही, असं सांगणारे अकरा गावकरी. बाई ऐकत होती.

"अकरा मानसं," ती म्हणाली, "अकरांचा तलबाना, अकरांची भाकर, अकरांची गाडी. आन अकरा तोंडं, साहेब. त्यातलं एक जरी पाटलानं फिरवलं, तर?"

"मग कुणाला आणणार?"

"गंजी जळली त्या दिशी हे गावातच नव्हते. सिरसाळ्याला गेलते. कासमसेठची गाडी करत व्हते, आठ दिस. त्यो येकटा मला पुरं."

सिरसाळा परळीच्या बाजूला, चकलांब्याहून चार-पाच दिवसांची वाट. कासमसेठ तिथला सरकी-भुसाराचा व्यापारी. त्याच्या नावानं समन्स निघालं आणि 'मिळाला नाही' असा शेरा घेऊन परत आलं. पुन्हा तलबाना भरला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी पैसे मागितले तेव्हा ती थांबली. "मिळाला न्हाई म्हंजी? त्याचं दुकान पेठंत हाय. कुनी गेलतं का तरी तिथं?"

कोण गेलं होतं आणि कुणी कुणाला किती दिले होते, हे मला ठाऊक नव्हतं, अंदाज होता.

ती स्वतः सिरसाळ्याला गेली. बैलबाजाराला निघालेल्या गाड्यांच्या मागं मागं, एकटी. तिथं काय झालं ते तिनं मला नंतर सांगितलं. कासमसेठनं तिला ओळखलं, पाणी दिलं, रखमाजीबद्दल हळहळला, आणि अदालतीचं नाव काढताच दोन्ही हात वर केले. म्हणाला, "बाई, मी धंदेवाला मानूस. त्या दारात पाय ठिवायला मला लई भेव वाटतं. एकदा नाव कागदावर चढलं की उतरत न्हाई."

"मंग मी म्हनलं, सेठ, मलाबी भेव वाटतं. दोघं मिळून भिऊ."

हे सांगताना ती हसली नाही. मला वाटतं, त्यात हसण्यासारखं काही आहे हे तिला कळलंही नसेल. पण कासमसेठ आला. स्वतःच्या गाडीतून आला, रखमाजीनंच केलेली ती गाडी, आणि नाझिमसाहेबांसमोर, म्हणजे न्यायाधीशांसमोर, घाम पुसत पुसत त्यानं सांगितलं, की हा माणूस त्या दिवशी माझ्या अंगणात चाकाला धाव बसवत होता. बाई दाराबाहेर उभी होती. आत बयान संपेपर्यंत तिनं आपला खालचा ओठ चावून रक्त काढलं होतं.

त्याच खेपेला परत जाताना गेवराईच्या अलीकडं पाटलाची माणसं तिला आडवी आली. मारलं नाही, हात लावला नाही. नुसते तिच्याबरोबर चालत राहिले, दोघं पुढं, एक मागं. एकानं सांगितलं, "कोंडे, कावून पाय झिजवती? तुजा वकील आमच्या पाटलाच्या घरचं जेवून आलाय." एवढंच. आणि निघून गेले.

पुढच्या खेपेला तिनं हे मला सांगितलं तेव्हा माझ्याकडं न बघता, ओसरीच्या खांबाकडं बघत सांगितलं. मी म्हणालो, लोक घाबरवायला काहीही बोलतात. ती म्हणाली, "व्हय." पण तिच्या येण्याच्या आठ दिवस आधी चकलांब्याचा पोलीस पाटील आमच्या मागच्या दारानं आत गेलेला मी पाहिला होता. अर्धा तास आत होता. काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही. आजही मला ठाऊक नाही, आणि न ऐकलेल्या गोष्टीचा आरोप मी वकीलसाहेबांवर करणार नाही. मी पाहिलं तेवढं सांगितलं. तिला मात्र त्या दिवशी तेवढंही सांगितलं नाही.

त्यानंतर पंधरा दिवसांनी वकीलसाहेबांनी तिला गादीजवळ बोलावलं. आवाज मऊ होता.

"कोंडाबाई, आता शेवटची बहस, अखेरचा युक्तिवाद. सगळं तिच्यावर आहे. हे गंजीचं प्रकरण, त्यात जनावरं जळालेली. नाझिमसाहेब कडक आहेत. माझं ऐकशील तर हैदराबादेहून मोठा वकील आणू. इथं त्याचं नुसतं उभं राहणं पुरेल."

"किती?"

"चारशे. जाण्यायेण्याचा खर्च वेगळा."

तिच्याकडं चारशे कुठून येणार होते? घरातलं लाकूड, हत्यारं, भांडी सगळं आधीच विकून झालं होतं. ती काही बोलायच्या आतच ते म्हणाले, "जमीन आहे ना चार एकर. गिऱ्हाईक मिळेल. मी बघतो हवं तर."

गिऱ्हाईक कोण, हे मला त्याच क्षणी कळलं. तिलाही कळलं असावं. मग तिनं तिचा प्रश्न विचारला, पण या वेळी आवाज इतका बारीक झाला होता की वकीलसाहेबांना पुढं वाकावं लागलं.

"न्हाई आनला तर काय व्हईल?"

"मग माझ्यावर जबाबदारी नाही," ते म्हणाले. "सात वर्षं झाली तर मला म्हणू नकोस."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी बोरूचं टोक पाहत होतो. मला माहीत होतं, की मोठ्या वकिलाची काडीची गरज नाही. कासमसेठचं बयान कागदावर पक्कं होतं, पाटलाच्या तीन गड्यांची तोंडं तीन दिशांना गेली होती. एक शब्द बोललो असतो तर झालं असतं. घरी आई अंथरुणाला खिळलेली, दोन मुली लग्नाच्या, आणि बीडमध्ये मला दुसरं कोण ठेवणार होतं? मी शब्द बोललो नाही. शाई वाळली होती ती पुन्हा भिजवली.

संध्याकाळी मी घराकडं निघालो तेव्हा ती बिंदुसरा नदीच्या काठी वाटेत बसलेली दिसली. मला वाटलं, आता ही विचारणार. मी पाय उचलले. ती उठून बरोबर चालायला लागली.

"मुन्शीजी, तुमी काय बी बोलू नगा. तुमच्या घरी बी मानसं हायेत," ती म्हणाली. "मला फकस्त एक वाचून दाखवा. कासमसेठ काय बोलला ते कागदावर जसंच्या तसं आलंय का, न्हाई?"

तिनं कमरेला खोचलेली कासमसेठच्या बयानाची नक्कल काढली. मी तिथंच, घाटाच्या पायरीवर बसून उर्दू वाचली आणि मराठीत सांगितली. एक एक ओळ. तिनं दोनदा वाचायला लावली. 'अंगणात', 'चाक', 'आठ दिवस', 'त्या दिवशी', हे शब्द आले की ती मान हलवायची.

"समदं आलंय," ती म्हणाली.

"सगळं आलंय."

"मंग नगं मोठा वकील." हे म्हणाली आणि एकदम दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. "पर मुन्शीजी, मी चुकले तर? मी पैका वाचवला आन त्यांला सात वर्सं झाली तर? जमीन मी राखली आन मानूस मी बुडवला, आसं व्हईल. ते भाईर येतील तवा इचारतील, कोंडे, चारशे रुपयांपाई? मंग मी काय सांगू?"

आजवर इतक्या लोकांना मी भीतीपोटी पैसे देताना पाहिलं होतं. पैसे न देणं याला किती जास्त भीती सोसावी लागते, ते त्या पायरीवर कळलं. देणारा निदान देऊन मोकळा होतो. आपल्या हातून होतं ते केलं, असं म्हणून झोपतो. हिला फैसल्यापर्यंतचे पुढचे बावीस दिवस ती सोय नव्हती.

बहस वकीलसाहेबांनीच केली. चिडून केली, आणि म्हणूनच की काय, चांगली केली. त्या दिवशी तिनं शेवटचे तीस मोजले. ओसरीला ऐकवलं. आवाज फुटत नव्हता, तरी ऐकवलं.

फैसल्याच्या दिवशी नाझिमसाहेब उर्दूतून वाचत होते. लांबलचक. रखमाजी कठड्यात उभा, मान खाली. बाई दारात. तिला एक शब्द कळत नव्हता, म्हणून ती माझा चेहरा वाचत होती. मी चेहरा सरळ ठेवायचा प्रयत्न केला, कारण अर्ध्यात आशा लावायची आणि शेवटी उलटं निघायचं, असं मी पाहिलेलं होतं. माझा तो सरळ चेहरा तिनं काय वाचला कोण जाणे. ती भिंतीला टेकत टेकत खाली बसली. शेवटचा शब्द आला, 'बरी'. म्हणजे निर्दोष. मी तिच्याकडं जाऊन म्हणालो, "सुटले."

तिला ते ऐकू गेलं नाही. मी पुन्हा म्हणालो. ती म्हणाली, "कंदी?"

"आज. हुकमाची नक्कल तुरुंगात पोचली की."

आम्ही बाहेर आलो तर वकीलसाहेब झाडाखाली उभे होते. हसून म्हणाले, "बाई, आमचा शुक्राना?"

शुक्राना म्हणजे जिंकल्यावर पक्षकारानं खुशीनं वकिलाला द्यायची रक्कम. रिवाज होता. तिनं हा शब्द पहिल्यांदाच ऐकला. माझ्याकडून समजून घेतला. मला वाटलं, आता ही म्हणेल, हे ठरलं नव्हतं. ओसरी साक्षीला आहे. तिनं तोंड उघडलंही. मग तुरुंगाच्या दिशेला पाहिलं. हुकूम अजून माझ्या हातात होता, रखमाजी अजून आत होता.

"हे इचारायचं ऱ्हायलं माजं," ती हळू आवाजात म्हणाली. "चूक माजी." आणि दंडातली चांदीची वाकी काढू लागली. चौदा महिन्यांत दंड इतका बारीक झाला होता की ती काढावी लागलीच नाही, आपोआप कोपरापर्यंत घसरली. वकीलसाहेबांनी ती खिशात टाकली.

मी हुकमाची नक्कल घेऊन तुरुंगाकडं निघालो. ती माझ्यामागं जवळजवळ पळत होती. माझ्या हक्काचं काही मी मागितलं नाही. तिनंही ते विचारलं नाही, हे एकच काम तिनं भाव न करता करू दिलं. दारावरच्या शिपायानं कागद दोनदा वाचला, आत नेला. ऊन कलायला लागलं होतं. मग लहान दार उघडलं आणि रखमाजी बाहेर आला. उंबऱ्याबाहेर येऊन थांबला. रस्ता मोकळा होता, तरी त्याला पाऊल टाकता येईना. डावीकडं बघ, उजवीकडं बघ, शिपायाकडं बघ. कोंडाबाई पुढं झाली आणि तिनं आपल्या पदराचं टोक त्याच्या हातात दिलं. एवढा दांडगा माणूस, तो पदर धरून बायकोच्या मागून चालू लागला. बीडच्या भर रस्त्यात. बघणाऱ्यांनी बघितलं. त्या दोघांना त्याचं काही नव्हतं.

माझ्याशी ती बोलली नाही. मान तेवढी हलवली.

मी काही अंतर त्यांच्यामागं गेलो आणि बिंदुसरेच्या काठाशी थांबलो. नदीला पाणी घोट्याएवढंच होतं. ती दोघं पात्रात उतरली, पलीकडं चढली, गेवराईच्या वाटेला लागली. दर दहा-पंधरा पावलांनी कोंडाबाई मागं वळून बघत होती. मला वाटलं, तिला सांगावं, की मागं कुणी नाही, आता कुणी येत नाही, सावकाश जा. एवढ्या लांबून ओरडून काय सांगणार? म्हणून मी हात वर करून हलवला.

तिनं तो हात पाहिला. क्षणभर दोघं जागच्या जागी थिजली. काहीतरी राहिलं, एखादा कागद राहिला, कुणीतरी परत बोलावतंय, असंच तिला वाटलं असणार. मग तिनं रखमाजीचं मनगट धरलं, आणि ती दोघं पळत सुटली. मी हात खाली केला. तोवर बाभळींच्या पलीकडं नुसता फुफाटा उडताना दिसत होता.